तातडीचे उपचार वेळेवर मिळाले की नाही, हे मोजायचं कुठून?

आकडेमोड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी संख्याशास्त्रातली, डॉक्टर नाही. गेल्या महिन्यात एका अभ्यासगटाने आकड्यांचं काम बघायला बोलावलं. तातडीचे उपचार सगळ्यांपर्यंत सारखेच पोचतात का, आणि पोचत नसतील तर काय बदलता येईल, असा विषय आहे. हाती दोन गोष्टी मिळाल्या : रुग्णवाहिकेसाठी आलेल्या फोनच्या नोंदी आणि इमर्जन्सी विभागाचं रजिस्टर.

पहिल्या आठवड्यात मी सरासरी प्रतिसाद-वेळ काढून दिली. आकडा चांगला होता, बैठकीत सगळे खूश झाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ज्यांनी फोनच केला नाही, ते माझ्या फाइलमध्ये नाहीत. जे निघाले पण वाटेतच गेले, ते रजिस्टरमध्ये नाहीत. सेवा ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांच्याच नोंदी चाळून सेवा किती चांगली पोचते हे मी सांगत होते.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या किंवा तुमच्या माणसांच्या बाबतीत वेळ नेमका कुठे गेला? आणि अभ्यासात एकच जास्तीची गोष्ट नोंदवता आली, तर ती कोणती असावी?

वाटसरू

चांगला विषय. वाचनखूण साठवली आहे.

रातराणी

मी इमर्जन्सीत नर्स म्हणून १९ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी ट्रायाजच्या टेबलावर. येणाऱ्याला बघायचं, हात लावायचा आणि लाल, पिवळा की हिरवा ते ठरवायचं. आधी आला तो आधी असं तिथे चालत नाही, जास्त गंभीर तो आधी. पण गंभीर कोण हे कळायला समोरच्याने काहीतरी सांगावं लागतं, आणि सांगायची सवय सगळ्यांना नसते.

एका रात्रीची गोष्ट. एक गृहस्थ दारातून बोलतच आले. छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ जाते, अमुक वाजता सुरू झालं. सोबत दोन माणसं, हातात जुनी फाइल. त्यांना लगेच आत घेतलं आणि ते योग्यच होतं. कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई एकट्याच बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही हो, जरा थकवा आलाय. त्यांचं बघा आधी." उठताना त्यांना आधार द्यायला हात धरला, तर बर्फासारखा गार. कपाळावर दव पडल्यासारखा घाम. मनगटाला नाडी लागेना.

त्या वाचल्या. पण आकडेमोड, तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. बाई त्या बाकावर ४० मिनिटं बसून होत्या. रजिस्टरमध्ये आगमनाची वेळ लिहिली गेली ती मी हात धरल्यानंतरची. ती ४० मिनिटं कागदावर कुठेच नाहीत.

नाडीपरीक्षा

रातराणी सिस्टर, वाचून अंगावर काटा आला. असं किती वेळा घडून गेलं असेल आणि आम्हाला कळलंही नसेल.

आकडेमोड, तुमच्या प्रश्नाला एक जुनी, पक्की चौकट आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली माता-मृत्यूंच्या अभ्यासातून तीन उशीर मांडले. पहिला, उपचार घ्यायला हवेत हे ठरवण्यातला. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला. तिसरा, पोचल्यानंतर योग्य उपचार सुरू होण्यातला. मांडणी बाळंतपणासाठी होती, पण आज अपघात, पक्षाघात, हृदयविकार सगळीकडे वापरतात.

तुमच्या फोनच्या नोंदी फक्त दुसरा उशीर दाखवतात, रजिस्टर तिसऱ्याचा तुकडा दाखवतं. पहिला उशीर दोन्हींत नाही. बऱ्याचदा सगळ्यात मोठा उशीर तोच असतो. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं. घड्याळ लक्षणापासून चालू होतं, फोनपासून नाही.

रोखठोक

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. समता, गट, वंचित हे सगळं मोजत बसण्यापेक्षा सरसकट सगळ्यांसाठी सेवा जलद करा. गाड्या वाढवा, डॉक्टर वाढवा. पाणी वाढलं की सगळ्याच होड्या वर येतात. अभ्यासावर अभ्यास करण्यात माणसं दगावतात.

आकडेमोड

रोखठोक, राग कसला. बैठकीतही हाच मुद्दा निघाला होता. एक हिशोब मांडते.

समजा १० घरं आहेत. ९ घरांत गाडी १० मिनिटांत पोचते, दहाव्या घरी १०० मिनिटांत. सरासरी १९ मिनिटं. आता आणखी गाड्या आणल्या आणि त्या नऊ घरांजवळच उभ्या केल्या, कारण फोन तिथूनच जास्त येतात. त्यांची वेळ ५ मिनिटांवर आली. दहाव्या घराची १०० मिनिटं तशीच. सरासरी १४.५ झाली. कागदावर सुधारणा झाली, दहाव्या घरात मात्र काहीच बदललं नाही. उलट त्या घराने फोन करणंच सोडलं, तर माझी सरासरी थेट ५ होते. माणसं गळली की आकडा सुधारतो. मला याचीच भीती वाटते.

नाडीपरीक्षा

आणि पाणी वाढलं की सगळ्या होड्या वर येतातच असं नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर. त्यांनी १९७१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी आणि जिथे गरज कमी तिथे जास्त असा उलटा कल दिसतो. सेवा बाजाराच्या हवाली जितकी जास्त, तितका हा कल तीव्र.

तातडीच्या सेवेत हे आकड्यांत दिसलं आहे. अमेरिकेत रेनी शिया आणि सहकाऱ्यांनी १९९० ते २००९ या काळातले शहरी भागातले इमर्जन्सी विभाग मोजले. २४४६ होते, १७७९ राहिले. बंद पडण्याचा धोका जास्त कोणाला? नफा कमी असलेल्या आणि गरीब रुग्ण जास्त येणाऱ्या रुग्णालयांना. जिथे लोक आधीच अडचणीत, तिथलंच दार आधी बंद झालं.

दुपारचं_ऊन

माझ्या आईचं सांगते. त्या रात्री तिला जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळ होती. छातीत काहीच नाही. तिला वाटलं पित्त झालं. आम्ही सगळे झोपलो होतो, आम्हाला कशाला उठवायचं म्हणून ती खुर्चीत बसून राहिली. पहाटे मी पाणी प्यायला उठले तर ती खुर्चीत, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गच्च, दिवा न लावता. म्हणाली, "उजाडलं की जाऊ."

हृदयविकाराचा झटका होता. आई आता ठीक आहे, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला.

दवाखाना आमच्यापासून जवळ होता आणि गाडीही दारात होती. आकडेमोड, तुमच्या नोंदीत आमचं घर अगदी आदर्श दिसेल. फोन केल्यापासून दाखल होईपर्यंत किती झटपट! आई खुर्चीत बसली ते पाच तास मात्र फक्त मला माहीत आहेत.

रातराणी

दुपारचं_ऊन, आईंना नमस्कार सांगा. बायकांमध्ये असं जबड्यात, पाठीत दुखणं, धाप, नुसता थकवा बऱ्याचदा दिसतो. घरातल्यांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर कधी कधी आमच्या लोकांनाही लवकर पटत नाही. मी नव्या मुलींना शिकवते, बाई "काही नाही" म्हणाली की ईसीजी आधी काढा.

सायरन

मी ११ वर्षं रुग्णवाहिका चालवली. आता गुडघ्यामुळे बंद केलं.

आमच्या घड्याळाबद्दल सांगतो. गाडी फाटकापाशी थांबली की मी बटण दाबायचो, 'पोचलो'. तिथे प्रतिसाद-वेळ संपली. पण पेशंट फाटकात नसतो. चौथ्या मजल्यावर असतो, लिफ्ट बंद असते, जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. किंवा अशी वस्ती की जिथे घरांना नंबर नाहीत आणि गाडी शेवटच्या वळणाला अडते. तिथून पुढे आम्ही ऑक्सिजनची टाकी खांद्यावर घेऊन पळायचो. एकदा चादरीची झोळी करून माणूस खाली आणला. कागदावर आमची वेळ उत्तम, प्रत्यक्षात पेशंटच्या शरीराला आमचा हात लागेपर्यंत आणखी १५ मिनिटं गेली होती.

मोजायचंच असेल तर गाडी पोचल्याची वेळ नको, हात पोचल्याची वेळ घ्या.

नाडीपरीक्षा

सायरनदादा, लाखमोलाचं बोललात. ८ मिनिटांचा जो मापदंड जगभर मिरवतात, त्याचं मूळ हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या अभ्यासात आहे. १९७९ साली मिकी आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ४ मिनिटांत छातीदाब आणि ८ मिनिटांत पुढचे प्रगत उपचार मिळाले तर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. एका विशिष्ट आजारासाठीचं ते माप पुढे सगळ्याच फोनना चिकटलं.

कंपास

अंतरही महत्त्वाचं आहे, ते विसरू नका. २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये पॉल औमा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली ४८ देश आणि बेटांमधली सरकारी रुग्णालयं नकाशावर मांडली आणि प्रवासाचा वेळ काढला. २९ टक्के लोक जवळच्या रुग्णालयापासून २ तासांहून जास्त लांब. आणि हा हिशोब वाहन मिळालं, रस्ता चालू आहे, असं धरून.

पण नकाशाचं काम करणारा म्हणून सांगतो, रात्रीचा नकाशा वेगळा असतो. पावसातला वेगळा. गाडी असलेल्याचा आणि नसलेल्याचा तर पूर्ण वेगळा. आम्ही एकच रंगवतो.

पानगळ

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज आपण ज्याला प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची रुग्णवाहिका म्हणतो, तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांतला एक फार मोठा प्रयोग वंचित वस्तीत झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत, १९६७ साली, फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा. त्याआधी तिथे आजाऱ्याला पोलिसांच्या व्हॅनमध्ये मागे टाकून न्यायचे, उपचार काही नाहीत, फक्त वाहतूक. आधुनिक सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यावर छातीदाब आणि श्वास देण्याच्या पद्धतीच्या) जनकांपैकी एक पीटर सफार यांनी प्रशिक्षणाची आखणी केली. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हतं अशा तरुणांना त्यांनी शेकडो तास शिकवलं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन तिथल्या वैद्यकीय संचालक झाल्या आणि त्या कामातून उभा राहिलेला अभ्यासक्रम देशभर गेला.

१९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केलं. ज्यांनी हे काम उभं केलं त्यातले बरेच जण नव्या सेवेतून हळूहळू बाहेर पडले. प्रत्येक वेळी वाचताना याचं वाईट वाटतं.

रोखठोक

पानगळ, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. म्हणजे ज्या वस्तीला सेवा मिळत नव्हती तिथल्याच माणसांनी ती घडवली. आकडेमोड यांचा दहाव्या घराचा हिशोबही पटला. मी सरसकट म्हणत होतो त्यात दहावं घर गृहीत धरलं होतं, ते चुकलं. पण माझा दुसरा मुद्दा कायम : मोजणीच्या नादात काम थांबू नये. गाड्या यायला वर्षं लागतात, तोवर काय?

कंपास

तोवरसाठी उत्तर आहे आणि तेही अभ्यासातलंच. हान्स हुसुम आणि सहकाऱ्यांनी उत्तर इराक आणि कंबोडियातल्या भूसुरुंगांच्या प्रदेशात सुमारे १३५ जणांना पॅरामेडिकचं (दवाखान्याबाहेर तातडीचे उपचार देण्याचं) आणि ५२०० गावकऱ्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं. १९९७ ते २००१ या काळात गंभीर जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांवर आलं. घानामध्ये जखमी माणसं बहुतेक वेळा टॅक्सीतून किंवा बसमधूनच नेली जातात हे बघून चालकांनाच प्रथमोपचार शिकवले. ३३५ चालक, ६ तासांचा वर्ग. आधीपासून जो माणूस जखमीला उचलतोच आहे त्याच्या हातात कौशल्य द्यायचं, एवढी साधी कल्पना.

सायरन

शंभर टक्के. आम्ही पोचायच्या आधी कोणीतरी रक्तावर कापड दाबून धरलेलं असेल तर अर्धी लढाई जिंकलेली असते.

पाटी_पेन्सिल

मी शाळेत शिकवतो, आणि दरवर्षी नववीच्या मुलांना छातीदाब शिकवण्याचा हट्ट धरतो. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. पहिल्या दिवशी पुतळ्याभोवती सगळे लाजत उभे. एकाने विचारलं, "सर, हा उठून बसला तर?" मी म्हटलं, "तर त्याला सावकाश कुशीवर कर आणि नाव विचार." सगळा वर्ग हसला आणि लाज गेली.

पण एक गोष्ट लक्षात आली. पुतळा पुरुषाचा. मुली-मुलं त्यावर बिनधास्त दाबतात. "बाई पडली असेल तर?" विचारलं की शांतता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या लोकांनी सीपीआर दिला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. वस्तीप्रमाणेही फरक पडतो. कोमिला सॅसन यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये सीपीआर मिळण्याची शक्यता सधन गोऱ्या वस्त्यांच्या जवळपास निम्मी निघाली. ज्यांना शिकायची संधी नाही त्यांच्या शेजाऱ्याला मदत मिळत नाही. आता मी दुसरा पुतळा स्त्रीचा घेतला आहे.

खुणांची_भाषा

माझ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो एकटा राहतो. आपत्कालीन नंबर त्याला पाठ आहे, पण तो नंबर फिरवून पलीकडून कोणी बोललं तर याने काय करायचं? एकदा त्याला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तेव्हा तो शेजाऱ्याचं दार ठोठावत राहिला. शेजारी बाहेरगावी. तिसऱ्या दाराला उत्तर मिळालं.

नंतर इमर्जन्सीत सगळ्यांनी मास्क लावलेले. त्याला ओठ दिसेनात. त्याच्याशी कोणी बोललंच नाही, त्याच्याबद्दल बोलत राहिले. शेवटी एका शिकाऊ मुलीने कागदावर लिहिलं, "दुखतंय का? कुठे?" तो कागद त्याने अजून पाकिटात जपून ठेवला आहे.

मेसेजवर किंवा व्हिडिओवर मदत मागता येणं ही फार मोठी मागणी आहे का? ज्यांचा आवाजच फोनवर जात नाही, त्यांची नोंद तुमच्या फाइलमध्ये कशी येणार?

आकडेमोड

खुणांची_भाषा, हे मी थेट गटापुढे ठेवणार आहे. तुमची परवानगी असेल तर कागदाची गोष्टही सांगेन.

नाडीपरीक्षा

यंत्रंही सगळ्यांना सारखं वागवत नाहीत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर कधी कधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. २०२० साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्राचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी शेजारी ठेवून पाहिली. यंत्र ९२ ते ९६ टक्के सांगत असताना रक्तात ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा निघालं, गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. ऑक्सिजन कधी लावायचा, कोणाला भरती करायचं हे त्याच आकड्यावर ठरतं.

आणि वेदना. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या एका इमर्जन्सी विभागातला अभ्यास आहे. हातापायाचं लांब हाड मोडलेले रुग्ण. हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी, स्पॅनिशभाषक मुळाच्या) रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना वेदनाशामक मिळालंच नाही, गोऱ्यांपैकी २६ टक्क्यांना. हाड तेच आणि विभागही तोच. दारातून आत आल्यावरही पोचणं बाकी राहतं.

दुपारचं_ऊन

शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

बिनधागा

खर्चाबद्दल कोणीच बोललं नाही. वडिलांचा अपघात झाला तेव्हा काउंटरवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो पैसे कोण भरणार. ते बेशुद्ध होते. मी खिसे उलटे करत होतो आणि हाताला त्यांचं रक्त लागलेलं, नोटा चिकटत होत्या.

कायदा बऱ्याच ठिकाणी आहे. अमेरिकेत १९८६ पासून इमर्जन्सीत आलेल्याला पैशांचा विचार न करता तपासून स्थिर करणं बंधनकारक आहे. भारतात १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं, सरकारी असो वा खासगी, पहिलं कर्तव्य ठरवलं. पण कायद्याचा कागद त्या काउंटरवर नव्हता. आणि बिलाची धास्ती घरापासूनच सुरू होते. नाडीपरीक्षा यांनी सांगितलेल्या पहिल्या उशिरात ती किती आहे, तेही मोजा.

नाडीपरीक्षा

बिनधागा, खरं आहे. २०१९ साली जागतिक आरोग्य सभेने (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने) तातडीच्या सेवेवर ठराव केला, त्यात हेही होतं की आधी पैसे न मागता उपचार मिळावेत. त्याच ठरावात म्हटलं आहे की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंवर परिणामकारक तातडीच्या सेवेने उपाय करता येईल.

वाटसरू

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? आकडेमोड यांनी एकच गोष्ट विचारली होती.

आकडेमोड

वाटसरू, आभार. तीन दिवस सगळे प्रतिसाद उतरवून घेत होते. आज बैठकीत ठेवले.

सरासरी बाजूला ठेवायचं ठरलं. त्याऐवजी सगळ्यात जास्त वेळ लागलेल्या दहा टक्के लोकांची वेळ आणि ते कोण, कुठले, कशाने आले, हे पहिल्या पानावर येणार. सायरन यांची 'हात पोचल्याची वेळ' दोन गाड्यांवर करून बघायला चालकांनी होकार दिला. रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवायचा : त्रास कधीपासून. ज्यांनी फोनच केला नाही त्यांच्यासाठी घरोघरी जाऊन विचारायचं, गेल्या वर्षात घरात असा प्रसंग आला का, काय केलं, कशामुळे थांबलात. त्या यादीत पैसे, रात्र, वाहन, "कोणाला त्रास नको" आणि "फोनवर बोलता येत नाही" हे सगळे पर्याय या धाग्यातून घेतले आहेत.

रोखठोक, प्रथमोपचाराचे वर्ग अभ्यास संपायची वाट न बघता सुरू करायचे, हे तुमच्यामुळे ठरलं.

रोखठोक

वर्गात पुतळे उचलायला मी येईन. मनापासून.

रातराणी

काल इन्चार्जना विचारून रात्रपाळीत रजिस्टरच्या समासात पेन्सिलने 'त्रास कधीपासून' लिहायला सुरुवात केली. चार जणांची वेळ लिहिली. तिसऱ्या होत्या एक आजी, धाप लागून आलेल्या. त्यांनी मलाच विचारलं, "कधीपासून म्हणजे? मला त्रास व्हायला लागल्यापासून, की मी घरात सांगितल्यापासून?" दोन्हींत दोन दिवसांचं अंतर होतं. मी दोन्ही वेळा लिहिल्या.

आकडेमोड

दोन्ही असू देत, सिस्टर. मी फॉर्ममध्ये दोन रकाने करते.